साल, सिरका आणि फुटलेल्या बाटल्या : आमची वाटचाल

आमच्या लेबलवर ‘संत्रासाल व्हिनेगर’ असं छापलेलं असतं, ‘संत्रा व्हिनेगर’ नव्हे. लोकांना वाटतं छपाईची चूक आहे. ती चूक नाही. साल आणि रस यातला फरक मला एका उन्हाळ्यात साडेतीनशे बाटल्यांना पडला आहे.

सुरुवात २०१२ ची. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि शेजारच्या वहिनी पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घ्यायच्या. त्यांच्याकडे हात होते, माझ्याकडे ब्युरेट, म्हणजे आम्लता मोजायची खुणांची काचेची नळी. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या घराच्या मागच्या खोलीत दोन चिनी मातीच्या बरण्या आणि उसाच्या ब्रूड (आंबवून केलेल्या) व्हिनेगरचा एक कॅन, एवढ्यावर धंदा उभा राहिला. भांडवल म्हणाल तर वहिनींची भिशी.

कामाची पद्धत अजून तीच आहे. आपल्या संत्र्याची साल सैल असते, तिच्यावर सोलणी चालत नाही. खाली हवा असते, पातं घसरतं आणि साल फाटते. म्हणून हाताने सोलायचं, साल पाटावर उलटी पसरायची आणि आतला पांढरा थर चमच्याने खरवडून काढायचा. तो राहिला की व्हिनेगर कडू झालंच समजा, मग कितीही गूळ घाला. वहिनींचा स्टीलचा चमचा खरवडून खरवडून एका बाजूने इतका झिजला होता की डावखुऱ्या माणसाला तो कामाचाच नव्हता. व्हिनेगर गरम करायचं पण उकळू द्यायचं नाही, सालीवर ओतायचं, तीन आठवडे अंधारात ठेवायचं, मग दुहेरी मलमलीतून गाळायचं. संत्र्याचे बहार दोन: आंबिया बहाराची साल ऑक्टोबर ते डिसेंबर मिळते, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात आम्ही भिवापुरी मिरची, गवती चहा आणि कढीपत्ता यांवर भागवतो.

सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगची कल्पना मात्र आमची नाही. ती लक्ष्मीनगरच्या एका निवृत्त शिक्षिकेची. आम्ही त्यांना ‘बाई’च म्हणतो. पहिल्या वर्षी त्या बाटली घेऊन गेल्या आणि तिसऱ्या दिवशी दारात उभ्या. “काय जी, हे नुसतं काकडीवर टाकलं तर डोळ्यांतून पाणी आलं माझ्या!” मी म्हटलं, बाई, याच्यात तेल घालायचं असतं. घरी जाऊन त्यांनी घातलं. तेल वर, व्हिनेगर खाली. परत आल्या. “तुम्ही मोहरी फेसली नाही ना. कोशिंबिरीला फेसता, मग इथं काहून नाही?”

तेव्हा लाज वाटली. प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काढली आणि मोहरीने तेल-पाणी धरून राहतं हे मला बाईंनी सांगावं! त्या दिवशी त्यांच्याच ओट्यावर केलेलं ड्रेसिंग आम्ही आजही विकतो. चमचाभर मोहरीची पूड थंड पाण्यात फेसायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. गरम पाणी घ्यायचं नाही, व्हिनेगरही लगेच ओतायचं नाही, नाहीतर झणका चढतच नाही. मग मीठ आणि गूळ व्हिनेगरमध्ये विरघळवायचे. हे आधी करा, कारण मीठ तेलात विरघळत नाही, तळाशी करकरत बसतं. त्यात मोहरी घालायची आणि शेवटी शेंगदाण्याचं तेल, धार बारीक, रवी थांबवायची नाही. परदेशी पद्धतीत एक भाग व्हिनेगरला तीन भाग तेल घेतात. आपल्याकडे पत्ताकोबीवर दाण्याचा कूट पडतोच, तेव्हा दोन भाग पुरे. जवसाचं तेल वापरायचं असेल तर ताटात वाढताना वरून घाला, बाटलीत ठेवू नका, लवकर खवट होतं.

२०१३ ते २०१८ ही वर्षं चांगली गेली. धरमपेठेतल्या एका दुकानात मधला कप्पा आमचा होता.

२०१९ च्या एप्रिलमध्ये ड्रेसिंगच्या साडेतीनशे बाटल्यांची ऑर्डर आली आणि व्हिनेगरचा कॅन उशिरा येणार असं कळलं. वहिनी म्हणाल्या, “कायले भेता जी? रस टाका. गोडीही येते.” एक भाग व्हिनेगर, दोन भाग ताजा रस. चव अशी आली की आम्ही दोघी वाटीच चाटत बसलो. मी टायट्रेशन, म्हणजे आम्लतेची मोजणी, केलं नाही. ब्युरेट धुऊन स्टँडला उलटं लावलेलं होतं, चार दिवस तसंच. का केलं नाही याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. घाई होती म्हणा, चव होती म्हणा.

हिशेब तर शाळेतला आहे. पाच टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये दुप्पट रस घातला की व्हिनेगरचं आम्ल पावणेदोन टक्क्यांच्याही खाली येतं. वर रसातली साखर. ताज्या रसात यीस्ट असतंच, त्याला याहून चांगलं घर कुठलं? पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि दुकानदाराच्या माळ्यावर तो माल फसफसायला लागला. सकाळी साडेसहाला फोन, “ताई, तुमच्या बाटल्या फुटून राहिल्या!” मी पोचले तेव्हा पोह्यांच्या पोत्यांवरून तेल ओघळत होतं आणि छताला मोहरी चिकटलेली होती. ज्या बाटल्या फुटल्या नव्हत्या त्यांची पत्र्याची झाकणं घुमटासारखी फुगलेली. एक मी ओल्या टॉवेलखाली धरून उघडली. सोडावॉटरसारखा आवाज झाला आणि वास दारूच्या दुकानाचा.

पैसे परत केले, पोह्यांचेही दिले. माझ्या बांगड्या त्यात गेल्या. वहिनी कुणावर चिडल्या नाहीत, मीही त्यांना काही बोलले नाही, आणि बहुधा तेच आम्हाला जास्त जड गेलं. दिवाळीनंतर त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. चमचा माझ्याकडे ठेवून.

आता ज्याच्याबद्दल लिहू नको असं घरचे म्हणतात, ते लिहिते. इतवारीतून आम्हाला रिकाम्या बाटल्या आणून देणारा एक मुलगा होता. चहा आमच्याकडे प्यायचा, साल खरवडताना शेजारी बसून हजार प्रश्न विचारायचा. आमचा कप्पा रिकामा झाल्यावर दोन महिन्यांत तिथे त्याच्या बाटल्या लागल्या. तेच नारिंगी लेबल, वर ‘घरगुती’. आमची बाटली एकशे ऐंशीची, त्याची साठची. साठ रुपयांत साल खरवडून होत नाही, हे कुणीही सांगेल. ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं व्हिनेगर विकायला बंदी नाही, पण त्यावर ‘सिंथेटिक’ असं स्पष्ट लिहावं लागतं. त्याच्या बाटलीवरही लिहिलेलं आहे. बरोबर त्याच शब्दावर किमतीचं स्टिकर असतं. मी दुकानात उभी राहून नखाने खरवडून पाहिलं आहे, एकदा नाही, तीनदा. आणि तो दुकानदारांना सांगत फिरतो, “ताईंच्या बाटल्या फुटतात.” एकदाच फुटल्या होत्या. त्याला वर्षं झाली.

त्यानंतर ब्युरेट ओट्यावरच असतं, मिक्सरच्या शेजारी. येणारा प्रत्येक कॅन तपासते, भरलेली प्रत्येक खेप तपासते. एक मिली व्हिनेगर पाण्यात पातळ करून आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे. गुलाबी रंग टिकायला डेसिनॉर्मल (ठरावीक, सौम्य ताकदीचा) कॉस्टिक सोडा साधारण ८.३ मिली लागला तर पाच टक्के. कायद्याला ब्रूड व्हिनेगर ३.७५ टक्के चालतं, पण साल आणि पाला घातला की त्यांचं पाणी सुटतं, म्हणून मी साडेचारच्या खालचा कॅन घेतच नाही. पुरवठादार माझ्यावर वैतागतो. वैतागू दे.

घरी करणाऱ्यांनी लसणाचं तेल करून ओट्यावर ठेवू नये, हेही सांगते. लसूण व्हिनेगरमध्ये बुडालेला चालतो. नुसत्या तेलात बुडाला की हवा मिळत नाही, आम्ल नसतं, आणि त्यात जे विष तयार होतं त्याला ना वास ना रंग. फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. कुणी विचारलं नव्हतं, माहीत आहे.

फुटाफुटीच्या त्या उन्हाळ्यात बाई न सांगता आल्या होत्या. कापडी पिशवीत धुतलेल्या सहा रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीच्या तोंडाला वर्तमानपत्राचा बोळा. “सालीचंच भरून द्या,” म्हणाल्या. माझ्याकडे जेमतेम दोन बाटल्यांपुरतं होतं. त्यांनी सहांचे पैसे ठेवले आणि उरलेल्या चार मृगाची साल आली तेव्हा घेऊन गेल्या. अजूनही येतात, आता नातू गाडीवर सोडतो.

झाकणं आम्ही बदलली आहेत, पत्र्याला आम्लाने गंज धरतो. जुन्या पत्र्याच्या झाकणाच्या बाटल्या कुणाकडे असतील तर आणून द्या, फुकट बदलून देऊ. उन्हाळ्यात दुपारी एक ते पाच मागची खोली बंद असते.