पाणीपाळी नसलेला उन्हाळा

आमच्याकडे सरकारी नोकरीतल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख एक जून असते. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी वयाचा अंदाज घेऊन एक जून लिहायचे. आमचे हेही त्यातलेच. सासूबाई सांगायच्या, जन्म पोळ्याच्या मागंपुढं झाला. पण कागदावर एक जून, म्हणून गेल्या वर्षी ३१ मेला ५८ वर्षं पूर्ण धरून हे निवृत्त झाले. म्हणजे यंदाचा उन्हाळा हा यांचा पहिला मोकळा उन्हाळा. खरं तर आम्हा दोघांचाही.

हे जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक होते. पैठणहून निघालेला हा २०८ किलोमीटरचा कालवा जालना जिल्हा ओलांडून आमच्या परभणीकडे येतो. धरणातून पाणी सुटलं तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांना ते पोचायला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढ्या वेळात मधल्या कुठल्या चारीचं दार कुणी रात्रीतून उचललं, कुठं फुटलं, हे बघत फिरायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला सुट्टी मे महिन्यात आणि उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीला पाणी सोडायची पाळी, नेमकी तेव्हाच. आमचं लग्नही मे महिन्यातलं. हळदीचे हात घेऊन हे कालव्यावर गेले होते. नंतरच्या सगळ्या उन्हाळ्यांत लेकीला घेऊन मी माहेरी, आणि यांचा फोन शेतकऱ्यांनी भरलेला, "साहेब, टेलला पाणी कव्हा येणार?" मला त्याचा राग कधी आला नाही. ज्याचा ऊस किंवा भुईमूग वाळतोय त्यानं विचारायचं नाही तर कुणी? पण सुट्टीत दोघं मिळून कुठं गेलोय असं झालं नाही, हेही खरं.

यंदा एप्रिलमध्ये घराचा शेवटचा हप्ता फिटला. बँकेतून मूळ खरेदीखत परत आलं, बोजा उतरल्याची नोंद झाली. ते खरेदीखत दिवसभर देवापुढं ठेवलं होतं. वसमत रोडला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा शेजारी नुसती तुरीची शेतं होती.

लग्नाचा तिसावा वाढदिवस मे महिन्यात आला. लेक पुण्याहून म्हणत होती, महाबळेश्वरला जा, मी बुकिंग करते. हे म्हणाले, "मला नाथसागर बघायचाय." नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. मी चकित झाले. ज्या पाण्यावर सगळी नोकरी झाली ते परत काय बघायचं? मग लक्षात आलं, यांनी तो पाहिला होता तो बहुतेक कागदावर. रोज सकाळी पातळी किती फूट, जिवंत साठा किती टक्के. १५२२ फूट म्हणजे धरण पूर्ण भरलं. तो आकडा आला की त्या वर्षी घरात दिवाळी निवांत व्हायची. २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी कालव्यात सोडता येत नाही अशा मृतसाठ्याच्याही खाली गेलं होतं. तेव्हा शेतीच्या पाण्याचं नावच नव्हतं, आणि हे घरी असूनही जेवायला बसायचे नाहीत.

तर आम्ही पैठणला गेलो. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि तिथून वर, कायगावच्या बाजूला, यांच्या जुन्या मोजणीदाराच्या गावी मुक्कामाला. मोजणीदार भाऊंचं घर पाण्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं तशी खालची काळी जमीन उघडी पडते. तिच्यात लोक गाळपेर करतात. टरबूज, काकडी, कुठं मका. वहिनींनी वेलावरचं टरबूज तिथंच बांधावर फोडलं. पहाटे भोई थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळी काढायला निघालेले. पाण्याच्या कडेला चित्रबलाक उभे, वरून नदी सुरय सूर मारत होते. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. आमच्या शाळेच्या सहली देवळांना गेल्या, इथं कधी आल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात मी मुलांना आणणार आहे.

हे बराच वेळ नुसते बसून होते. मग मोजणीदार भाऊंनी हातानं दाखवलं, त्या तिकडं आमचं जुनं गाव, वेस तिथं होती. धरणात शंभराहून अधिक गावं गेली. दोघंही गप्प झाले. आमच्या परभणीच्या शेतात येणारं पाणी कुणाच्या अंगणावरून येतं, हे मला त्या दिवशी जागेवर उभं राहून कळलं. माझ्या वर्गातल्या मुलांना जायकवाडी शिकवताना २७ दरवाजे आणि लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये केलेली पायाभरणी एवढंच सांगत आले होते. आता ती वेससुद्धा सांगेन.

वाढदिवसाचा केक वगैरे काही नव्हतं. वहिनींनी पुरणाची पोळी केली आणि आम्हा दोघांना एका ताटात वाढलं.

त्यानंतर पूर्णा नदीवरचं येलदरी धरण. माझ्या डी.एड.च्या मैत्रिणी आणि त्यांचे नवरे, सगळे मिळून जिंतूरमार्गे गेलो. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. मैत्रिणींनी आजवर यांना फक्त लग्नात पाहिलेलं. एकजण म्हणाली, "दाजी खरंच बोलतात की!" आणि दाजी बोललेही खूप. पूर्णेचं हेच पाणी येलदरीला वीज करतं, साडेबावीस मेगावॅट, आणि मग खाली सिद्धेश्वर धरणात अडवलं जाऊन कालव्यांनी शेतांकडं जातं. एक पाणी, दोन कामं. हे सांगताना यांचा आवाज चढला होता. बायका मन लावून ऐकत होत्या, कारण त्यातल्या दोघींची शेतं त्याच कालव्यावर आहेत. रात्री गंगाखेडच्या मैत्रिणीनं तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. तिला एवढ्या येतात हे आम्हाला कॉलेजात असताना माहीत नव्हतं.

आणि एक जून. यांच्या खात्यातले एक जूनवाले सगळे आमच्या गच्चीवर जमले. निवृत्त झालेले, पुढच्या वर्षी होणारे, सहकुटुंब. सगळ्यांचा वाढदिवस एकच, म्हणून ओवाळायला आम्ही बायका ओळीनं उभ्या राहिलो. आमरस, कुरडया, येसर आमटी, ज्वारीची भाकरी. पाथरीकडचे एक शेतकरी बाबा आले होते. त्यांचं शेत अगदी टेलला. त्यांनी केशर आंब्याची पेटी आणली होती. नोकरीत असताना यांनी कुणाची पेटी उंबऱ्याच्या आत घेतली नाही, मलाही घेऊ दिली नाही, आणि बाबांना ते ठाऊक होतं. ते म्हणाले, "आता तर घ्याल का नाही, साहेब?" यांनी दोन्ही हातांनी घेतली.

त्या रात्रीच पुढचं ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत कंधारला जायचं, राष्ट्रकूटांच्या काळातलं जगत्तुंग समुद्र हे तळं बघायला. जानेवारीत बाबांच्या शेतात हुरडा. आणि पावसाळ्यात नाथसागर भरून दरवाजे उचलले, तर सगळ्यांनी गाड्या काढून पैठणला जायचं. इतकी वर्षं दरवाजे उचलले की यांची पूरनियंत्रणाची ड्युटी लागायची. यंदा हे माझ्याशेजारी उभे राहून बघणार आहेत.