पाय माय? माय पाय!

थाई भाषेला व्याकरणच नाही, असं बँकॉकमधला प्रत्येक जुना भारतीय नव्या भारतीयाला सांगतो. पाहुरातच्या कापडबाजारातले सरदारजी सांगतात, सिलोमचे हिरेवाले सांगतात, आणि ज्यांची थाई टॅक्सीवाल्याला डावं-उजवं सांगण्यापलीकडे गेलेली नाही तेही तितक्याच ठामपणे सांगतात. क्रियापद चालवायचं नाही. लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही, सामान्यरूप तर नाहीच नाही. शब्दापुढे शब्द ठेवत जायचं, झालं वाक्य. लहानपणी 'स-ला-ते, स-ला-ना-ते' घोकलेल्या माणसाला ही परीक्षाच रद्द झाल्याची बातमी वाटते.

मी नोकरीनिमित्त इथे आले. क्लासच्या आणि ऑफिसच्या वेळा जुळेनात, म्हणून घरीच शिकायला बसले. साधनं तीन: थाई शाळकरी मुलांचं व्याकरणाचं एक जुनं पुस्तक, फोन, आणि आमची सॉय, म्हणजे गल्ली. पुस्तकात नियम सापडतात, फोनवर उच्चार ऐकता येतात आणि दोन्हींचं काय करायचं ते गल्लीत कळतं.

पुस्तकाची अनुक्रमणिका अक्षरं लावून वाचली तेव्हा मात्र मला जरा भरूनच आलं. नाम, सप्फनाम, करिया, विसेत, बुफबोत, संथान, उथान. म्हणजे नाम, सर्वनाम, क्रिया, विशेष, पूर्वपद, संधान, उदान. वाक्याला 'प्रयोक' म्हणतात, कर्त्याला 'प्रथान', कर्माला नुसतं 'कम'. ही सात शब्दजातींची मांडणी फ्राया उपकित सिलपसान यांच्या नावावर आहे ('फ्राया' ही पदवी). हे १८७९ ते १९४१ या काळातले भाषापंडित. 'सवातदी' हा नमस्कार रूढ करणारेही तेच, आणि त्यात आपली 'स्वस्ति' आहे. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं. इंग्रजीच्या साच्याकडे बघत आपली भाषा बसवायची खटपट त्यांनाही करावी लागली आणि या फ्रायांनाही. आपल्याकडे शब्दांच्या जाती आठ, इथे सात. विशेषण आणि क्रियाविशेषण असे दोन वेगळे डबे थाईला लागत नाहीत. 'विसेत' हा एकच पुरतो, कारण नामाला चिकटलं काय आणि क्रियापदाला चिकटलं काय, शब्द आपलं रूप बदलतच नाही.

लिपीतही मराठी माणसाची थोडी चैन आहे. व्यंजनं चव्वेचाळीस, पण क्रम आपलाच: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, मग शेवटाकडे य र ल व श ष स ह, आणि त्यानंतर चक्क ळ. त्याचा उच्चार इथे ल होतो, पण तो आहे, आणि राजा चुलालोंगकोर्नच्या नावात दिमाखात बसलेला आहे. मुलांना अक्षरं शिकवताना ट-वर्गातलं एक अक्षर मंदोदरीच्या नावाने शिकवतात आणि ष ऋषीच्या. थाईत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो; तो सूर कोणता लावायचा हे ठरवण्यासाठी व्यंजनांचे उच्च, मध्यम आणि नीच असे तीन गट पाडलेत. युरोपातून आलेले विद्यार्थी हे गट रंगीत तक्ते करून पाठ करतात. आपण नुसतं 'क ख ग घ ङ' म्हणायचं: वर्गातलं पहिलं अक्षर मध्यम, दुसरं उच्च, उरलेली तीन नीच. मधे घुसवलेली काही जादा अक्षरं सोडली, तर नियम पक्का. सूर दाखवणाऱ्या चार खुणांची नावंसुद्धा एक, थो, त्री आणि चत्तवा. शब्दांमधे मोकळी जागा सोडत नाहीत, हे कळल्यावर काही लोक हबकतात. मोडी वाचणाऱ्याला त्यात नवल वाटू नये.

इथवर मी खुशीत होते. पण ही सगळी ओळखीची नावं होती, व्याकरण अजून भेटलंच नव्हतं.

ते भेटलं दोन अक्षरी शब्दांत. 'पाय' म्हणजे जा. 'माय' म्हणजे नाही. आणि वेगळ्या सुरातलं 'माय' म्हणजे प्रश्नातलं आपलं 'का'. 'पाय माय?' म्हणजे येतेस का, जायचं का. 'माय पाय!' म्हणजे नाही जायचं. (देवनागरीत हे सूर उतरवायची सोय नाही, ते वाचकांनी मनानेच लावून घ्यावेत.) उत्तरात 'हो' म्हणायची पद्धत नाही, क्रियापदच परत म्हणायचं, आपल्या 'येतेस का?' 'येते' सारखं. इथपर्यंत ठीक. मग येतो 'दाय'. त्याचा अर्थ मिळणं. 'दाय पाय' म्हणजे जायला मिळालं. 'माय दाय पाय' म्हणजे गेले नाही. आणि 'पाय माय दाय' म्हणजे जाताच येत नाही. शब्द तेच तीन, एकाचीही मात्रा हललेली नाही, फक्त जागा बदलल्या. तेवढ्यात न गेलेल्या माणसाचा जाऊ न शकणारा माणूस झाला. ऑफिसला दांडी मारल्यावर यातलं कोणतं वाक्य वापरलं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. आपण शब्दाच्या शेपटाला ते-तो-ला-ने लावून जे सांगतो, ते इथे शब्दाच्या जागेवर ठरतं. शेपटं शोधणाऱ्याला व्याकरण दिसणार नाहीच.

काळाचंही तसंच. भूतकाळाचा प्रत्यय नाही, म्हणून 'लेव' हा शब्द भूतकाळाचा म्हणून लोक पाठ करतात. 'किन लेव', जेवले. 'किन खाव रु यंग?' म्हणजे जेवलीस का; उत्तर एकतर 'किन लेव', नाहीतर 'यंग', अजून नाही. सरळ आहे. पण ऑफिसातली मुलगी पर्स उचलता उचलता 'पाय लेव ना' म्हणते, तेव्हा ती अजून खुर्चीपाशीच उभी असते. इंग्रजीतून शिकणाऱ्याचा इथे गोंधळ होतो. मराठी माणसाने का गोंधळावं? आपण दारात चपला शोधत 'निघाले हं' म्हणतो आणि वरच्या मजल्यावरून हाक आली की जागचं न हलता 'आलो, आलो!' ओरडतो. 'लेव' काळ सांगत नाही, गोष्ट ठरली एवढंच सांगतो. आपल्या भूतकाळालाही हे कसब आहे, पण शाळेच्या पुस्तकात त्याला जागा मिळालेली मला आठवत नाही.

आता 'लक्सनानाम', म्हणजे लक्षणनाम. माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आणि माझ्या वहीची सर्वांत जास्त पानं खाल्लेलं. थाईत 'दोन कुत्रे' म्हणता येत नाही. 'कुत्रा दोन तुआ' म्हणायचं. तुआ म्हणजे अंग, शरीर. प्राणी तुआत मोजतात. सदरे, पँटी, टेबलं आणि खुर्च्याही तुआत, बहुधा त्यांना पाय आणि हात आहेत म्हणून. माणसं 'खोन'मधे. पुस्तकं 'लेम'मधे, पण सुऱ्या आणि मेणबत्त्याही लेममधेच. मोटार, छत्री आणि चमचा यांचं मोजमाप एकच, 'खन'. भिक्षू 'रूप'मधे मोजतात आणि बुद्धमूर्ती 'ओंग'मधे, म्हणजे अंगात. माणसाळलेला हत्ती 'छुआक'मधे, म्हणजे दोरीत. रानातला हत्ती मात्र इतर जनावरांसारखा तुआ. एकाच हत्तीचं वचन नव्हे, त्याचं आयुष्यच व्याकरणात नोंदलेलं. आणि राक्षस, भुतंखेतं नि ऋषी हे सगळे 'तोन'मधे. सुवर्णभूमी विमानतळावर चेक-इनच्या दालनात जे बारा रंगीत यक्ष उभे आहेत ते बारा तोन. त्यांच्यात एखादा ऋषी येऊन उभा राहिला तर तेरा तोन म्हणायला व्याकरणाची हरकत नाही. यक्ष आणि तपस्वी एकाच मापाने मोजणाऱ्यांनी पुराणं नीट वाचलेली असणार.

हे परकं वाटतं, पण आपल्याकडेही त्याचे अवशेष आहेत. मेथीची जुडी, चाऱ्याची पेंढी, दुकानदाराचे नग. आणि माणसांसाठी तर आपण अंकच बदलतो: दोघे, तिघे, चौघे जण. 'तिघे कुत्रे' आपण कधी म्हणत नाही. हा नियम मला कोणी शिकवला नव्हता. थाई 'खोन' वहीत लिहिताना तो माझ्याच भाषेत आहे हे लक्षात आलं. अडलेल्यांसाठी 'अन' असा एक सर्वसमावेशक शब्द आहे, छोट्या वस्तूसाठी चालणारा. बाजारात तो खपून जातो. पण एखादी वस्तू 'अन'मधे मोजली की दुकानदार हसून योग्य शब्द उच्चारतो आणि मगच पैसे घेतो. शिकवणी फुकट.

थाई वाक्यात 'मी' हा सर्वात अवघड शब्द असेल असं पुस्तक उघडताना वाटलं नव्हतं. पुरुष 'फोम' म्हणतो, बाई औपचारिक ठिकाणी 'दिछन', एरवी 'छन'. पण रोजच्या बोलण्यात यातलं थोडंच ऐकू येतं. समोरचा मोठा असेल तर त्याला 'फी', म्हणजे दादा किंवा ताई, आणि स्वतःला 'नोंग', म्हणजे धाकटं भावंड, किंवा सरळ स्वतःचं नाव घ्यायचं. तरुण मुली वडीलधाऱ्यांशी बोलताना स्वतःला 'नू' म्हणतात, म्हणजे उंदीर. सर्वनाम निवडायचं तर आधी वय कळायला हवं, म्हणून नवी ओळख झाली की थाई माणूस वय विचारतो. यात आगाऊपणा नाही, त्याचं वाक्य अडलेलं असतं. आपलं 'तू की तुम्ही' ठरेपर्यंत आपणही 'कुठे निघालात' की 'निघालीस' अशा कात्रीत सापडतोच.

नात्यांत तर फार मजा आहे. आपण बाजू आणि लिंग बघतो: काका, मामा, आत्या, मावशी. थाई आधी वय बघतो. आई किंवा वडिलांचा थोरला भाऊ तो 'लुंग', थोरली बहीण ती 'पा', बाजू कोणतीही असो. धाकट्यांत मात्र बाजू येते आणि लिंग जातं: वडिलांची धाकटी भावंडं 'आ', आईची 'ना'. म्हणजे 'ना' ही मावशीही असते आणि मामाही. उलट आजोबा-आजी आपल्याकडे दोन्हीकडचे सारखेच, इथे वडिलांकडचे 'पू' आणि 'या', आईकडचे 'ता' आणि 'याय'. हा तक्ता पुस्तकात चौकटीत दिलाय आणि अगदी बरोबर आहे. पण सॉयच्या तोंडाशी पेरू कापून विकणाऱ्या बाईंचं वय 'पा' म्हणण्याचं असूनही तिला तसं कोणी म्हणत नाही. आमच्या इमारतीचा रखवालदार तिच्या मुलाच्या वयाचा असेल; तो तिला 'फी' म्हणतो, आणि त्याच्या पिशवीत पेरूची एक फोड नि मीठ-मिरची-साखरेची एक पुडी जास्त पडते. हे प्रकरण पुस्तकात नाही.

उरलं वाक्याचं टोक. थाई क्रियापदाला लिंग नाही, पण त्याची भरपाई वाक्य संपताना होते. पुरुष 'ख्रप' म्हणतो, बोलताना त्याचा 'खप' होतो. बाई 'खा' म्हणते, तेही विधानात एका सुरात आणि प्रश्नात दुसऱ्या. मी 'जाते' म्हटलं की मी बाई आहे हे मराठीत क्रियापद सांगतं. इथे ते काम 'खा' करतं. आपले 'रे' आणि 'गं' ऐकणाऱ्याचं लिंग सांगतात, यांचे बोलणाऱ्याचं. मग 'ना' आहे, जो थेट आपला 'हं' किंवा 'ना', आणि 'सी' आहे, जो हुबेहूब आपला 'की': 'मा सी', ये की! पुस्तकाने या शब्दांना एक पान दिलंय आणि अर्थाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'आर्जव' असं लिहून सुटका करून घेतलीय. मराठीच्या पुस्तकाने तरी 'की'चं काय वेगळं केलंय?

एका चिन्हाचं मात्र फार कौतुक वाटलं. शब्द दोनदा म्हणायचा असेल तर तो एकदा लिहून पुढे 'यमोक' नावाची खूण करतात. 'छा' लिहायचं, खूण करायची आणि 'छा छा' वाचायचं, म्हणजे हळूहळू. आपल्या जुन्या पत्रांत 'हळू २' असं लिहिलेलं असतं ते हेच. यांचं टिकलं, आपलं छापखान्याने बंद पाडलं.

सध्या मी 'राचासप' या प्रकरणावर आहे. राजशब्द. साधी माणसं 'किन', जेवतात. सभ्यपणे म्हणायचं तर 'रप-प्रथान'. भिक्षू 'छन' करतात. हाच शब्द बायका 'मी' म्हणून वापरतात, तेव्हा वाक्यात तो कुठे बसलाय ते बघायचं. राजा 'सवोय' करतो. अवयवांनाही वेगळे शब्द आहेत, झोपण्याला, चालण्यालाही. रात्री आठच्या सुमाराला टीव्हीवर राजघराण्याच्या बातम्या लागतात, त्या मी वही घेऊन ऐकते. शब्द निम्मे संस्कृत, तरी अर्थ हातून निसटतो. पेरूवाल्या फीच्या गाडीवरही छोटा टीव्ही असतो. तिला विचारलं, तुम्हाला हे सगळं कळतं? ती सुरी न थांबवता म्हणाली, 'रू बांग, माय रू बांग.' काही कळतं, काही नाही. हा वाक्याचा साचा माझ्या पुस्तकात नव्हता. तिथेच उभ्याने वहीत उतरवून घेतला आणि पेरूचे वीस बाट दिले.