दोन चमचे म्हणजे नक्की किती?

गणपतीचा सहावा दिवस. सकाळच्या चहाला आण्णांच्या हातातला कप बशीवर टकटक वाजत होता. चहा हिंदकळून बशीत आला होता आणि ते म्हणत होते, "काही नाही गं, मांडवातल्या आवाजानं झोप झाली नाही." आम्ही पर्वती पायथ्याला राहतो, त्या दिवसांत शांतता नसतेच, त्यामुळे मलाही ते पटलं. दुपारपर्यंत त्यांना दोनदा उलटी झाली. मनगट धरलं तर नाडी नुसती पळत होती.

आण्णा म्हणजे माझे सासरे. ३४ वर्षं भोसरीला टर्नर होते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढणारा हा माणूस आता आमच्या दुसऱ्या मजल्यावर येताना दोनदा कठड्याला टेकतो. आपण सरसकट दमा म्हणतो, पण त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा आजार. रोजचा पंप आहे, आणि त्याच्या जोडीला थिओफायलिनचं, म्हणजे श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाचं, सिरप. पंपाचं आम्हाला दडपण होतं, तो नीट शिकून घेतला. सिरपकडे मात्र घरात कुणी औषध म्हणून बघितलंच नाही. गोड असतं, बाटलीत असतं, खोकल्याचंच काहीतरी, असं धरून चाललो.

दवाखान्यात ईसीजी काढला, सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, "सिरप कशानं मोजून देता?"

आई म्हणाल्या, "चमच्यानं. दोन चमचे." चिठ्ठीवर होतं १० मिली. दुकानदार म्हणाला होता दोन चमचे, आणि आमच्या घरात चमचा म्हणजे पोह्यांचा. झाकणावरची मापाची टोपी पहिल्याच दिवशी ओट्यामागे पडून गेली होती. रात्री घरी आल्यावर मी सुई नसलेल्या सिरिंजने पाणी मोजून त्या चमच्यात घातलं. ८ मिली बसलं. म्हणजे दर वेळी १० च्या जागी १६. चहाचा चमचाही मोजला, त्यात जेमतेम ३ मावलं. मी ओट्याशी कितीतरी वेळ तशीच उभी होते.

बाईंचा पुढचा प्रश्न होता, दुसरं काही चालू आहे का? होतं. लघवीला जळजळ होते म्हणून चार दिवसांपूर्वी जवळच्या डॉक्टरांकडून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आणल्या होत्या. त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. यकृत ज्या वाटेने थिओफायलिन निकामी करतं, तीच वाट ही गोळी अडवते. मग रोजचाच डोस रक्तात साचत जातो. एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकनेही असं होतं.

आणि तिसरी गोष्ट ऐकून तर मला रडू आलं. आण्णांनी श्रावणात बिडी सोडली होती. पन्नास वर्षांची सवय, एका दिवसात. बिडीच्या धुरामुळे यकृत हे औषध झपाट्याने संपवत असतं. बिडी सुटली की तो वेग उतरतो, आणि तेवढ्याच सिरपने रक्तातली पातळी चढते. इतके महिने त्या मोठ्या चमच्याचं निभावलं, ते बहुधा यामुळेच. याचा अर्थ बिडी सोडू नये असा मुळीच नाही. सोडायचीच, फक्त सोडल्याचं डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवायचं.

थिओफायलिनच्या गुणकारी आणि घातक मात्रेत अंतर फार थोडं असतं. एका मिलिलीटर रक्तात १० ते २० मायक्रोग्रॅम हे जुनं माप, हल्ली त्याहूनही खाली ठेवतात. आण्णांचा आकडा २० च्या वर निघाला. त्यापुढे हृदयाचे ठोके बिघडतात, आकडीसुद्धा येऊ शकते. १८८८ मध्ये कोसेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं केलं ते चहाच्या पानांतून, आणि कॉफीतलं कॅफीन याचंच भावंड. म्हणून आण्णांची संध्याकाळची कॉफीही बाईंनी बंद केली.

सिरप आता कमी मात्रेत चालू आहे. किती, ते लिहीत नाही, कारण तो आकडा त्यांचा आहे, तुमचा तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेला असेल. मोजायचं काम आण्णांनी स्वतःकडे घेतलंय. बाटली हलवतात, मापाची टोपी खिडकीच्या कट्ट्यावर सपाट ठेवतात, ओतून झाल्यावर वाकून डोळा रेघेच्या पातळीला आणतात. व्हर्नियर, म्हणजे अगदी बारीक मापं घ्यायचं अवजार, धरलेले हात आहेत ते. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दुप्पट घेत नाहीत. रात्री धाप लागली तर पंपच, वर आणखी सिरप नाही, आणि पंपाने उतार पडला नाही तर थेट दवाखाना. आणि कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्यासुद्धा, जाताना ती बाटली पिशवीत असते.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू वाटी घेऊन आल्या. नातवाची छाती रात्रभर वाजत होती, "तुमच्याकडचं ते गोड औषध दे ना थोडं, तेवढंच बरं वाटेल त्याला." मी नाही म्हटलं, आणि त्यांचा चेहरा उतरला तेव्हा मला फार वाईट वाटलं. चार वर्षांचं पोर, वजन असेल पंधरा किलो. आण्णा आतून सदरा घालूनच बाहेर आले. "सूनबाई, चल, याला आत्ताच मुलांच्या डॉक्टरांकडे नेऊ," म्हणाले, आणि जिना उतरायला लागले, कठड्याला धरून, सावकाश.