तुम्ही विचारलंत म्हणून: अणुभट्टीच्या कामात परत का उतरत नाही

भोसरीत कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की चहाचा कप हातात पडायच्या आत प्रश्न येतोच. "ताई, आता अणुऊर्जेला चांगले दिवस आलेत म्हणतात. तुम्ही ते काम केलेलं आहे. मग परत का उतरत नाही?" बँकेचे साहेब विचारतात, सीए विचारतो, शेजारच्या गाळ्यातले शेठ विचारतात. ज्याच्याबरोबर हा टाक्या-पाइपांच्या वेल्डिंगचा कारखाना चालवते तो माझा सख्खा भाऊ, दादा, विचारत नाही, सरळ भांडतो. आजवर "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकते.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. २०२३ च्या दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून जास्त देशांनी २०५० पर्यंत अणुवीज तिप्पट करायचं जाहीर केलं. आपण त्यावर सही केली नाही, पण २०४७ पर्यंत १०० गिगावॉट हे आपलं स्वतःचं लक्ष्य आहेच. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टला डेटा सेंटरसाठी वीज हवी म्हणून थ्री माइल आयलंडची बंद केलेली भट्टी (अपघातवाली नव्हे, तिच्या शेजारची) पुन्हा चालू करायचं चाललंय. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे शांती कायदा झाला, खासगी कंपन्यांना दार उघडलं, २०१० च्या दायित्व कायद्यातली, अपघात झाला तर भरपाई सुटे भाग पुरवणाऱ्याकडूनही वसूल होण्याची, पुरवठादाराच्या मानेवरची टांगती तलवारही उतरली. हे सगळं मी वाचते. बहुतेक वेळा तुमच्याआधी वाचते.

आणि मी विरोधात आहे असंही नाही. औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर राख बसलेली मी पाहिलीय. मला अणुवीज हवी आहे. तिचं काम मात्र नकोय. का, ते रफिकभाईंशिवाय सांगता येणार नाही. (नाव बदललंय.)

सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला अणुव्यापाराची सूट दिली, तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येक सेमिनारमध्ये एकच वाक्य असायचं: पुढची वीस वर्षं ऑर्डर मोजायला वेळ मिळणार नाही. दादाने कर्ज काढलं. स्टेनलेस स्टीलसाठी वेगळी शेड बांधली, कारण या कामात साध्या लोखंडाची धूळसुद्धा एसएसवर बसलेली चालत नाही. ग्राइंडिंगची चाकं वेगळी, वायरब्रश वेगळे, टेबलावर रबर. क्वालिटी माझ्याकडे. प्रत्येक प्लेटचा हीट नंबर (ती पोलादाच्या कुठल्या वितळणीतली), त्याची टीसी (चाचणीचं प्रमाणपत्र), कुठला तुकडा कुठे गेला, कुठला जोड कोणी मारला, कुठल्या बॅचच्या वायरने मारला, हे सगळं फाइलला. बाहेरचे हसायचे, की मालापेक्षा कागद जड. होताच जड. पण वीस वर्षांनी एखाद्या पाइपला चीर गेली तर त्याच हीटचे बाकीचे तुकडे कुठे बसलेत हे तासाभरात सांगता यायला हवं, त्यासाठी तो कागद असतो. त्यावर मी आजही ऐकून घेणार नाही.

रफिकभाई आमचे आर्गनचे वेल्डर, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशात जोड मारणारे. सिक्स-जी ही वेल्डरच्या पात्रतेची टेस्ट, म्हणजे पाइप पंचेचाळीस अंशात तिरका बांधतात, फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं. खाली वाकून, वरून, डाव्या हाताने, जमेल तसं. त्यांच्या जोडाची एक्स-रेसारखी फिल्म व्ह्यूअरवर लावली तेव्हा थर्ड पार्टीचा इन्स्पेक्टर भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिला. पोरोसिटीचा, म्हणजे जोडात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्याचा, एक काळा ठिपका नाही. त्याने न बोलता सही केली.

ऑर्डर आली. एका प्रकल्पासाठी टाक्या आणि पाइपचे स्पूल (आधीच जोडून तयार केलेले पाइपचे भाग). प्रकल्प कुठला आणि ठेकेदार कोण, हे इथे नको. निम्मं काम झाल्यावर ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली. मग तिच्यावर आणखी एक. मग "होल्ड", म्हणजे काम थांबवा, असा एका ओळीचा मेल. साइटवर सिव्हिलचं काम अडलेलं, डिझाइन अजून बदलतंय, एवढंच फोनवर कळलं. टाक्या शेडमध्ये प्लास्टिकखाली, बँकेचा हप्ता मात्र होल्डवर नाही. पगार निघायला हवेत म्हणून आम्ही ट्रॉल्या, फ्रेम, मिळेल ते घेतलं. ते सगळं सीओटू वेल्डिंगचं, म्हणजे वेगळ्या प्रोसेसचं. आर्गनची टॉर्च खुंटीला.

आता यातली मेख ऐका. वेल्डरने सहा महिन्यांत त्या प्रोसेसने एकही जोड मारला नाही, तर कोडप्रमाणे, म्हणजे वेल्डिंगच्या नियमावलीप्रमाणे, त्याची पात्रता संपते. पुन्हा टेस्ट. त्याचं रजिस्टर असतं आणि ते मीच लिहायचे. होल्ड उठला, इन्स्पेक्टर आला, रजिस्टर उघडलं. रफिकभाईंच्या नावापुढे आर्गनच्या रकान्यात सहा महिन्यांहून जास्त काळ एकही नोंद नव्हती. त्याने पेन खाली ठेवलं.

रफिकभाई मला म्हणाले, "ताई, हात तर तोच आहे ना?"

दादा त्या दिवशी इन्स्पेक्टरवर ओरडला. एक जुनी तारीख टाकली असती तर काय बिघडलं असतं, असं नंतर मलाही म्हणाला. मी टाकली नाही. तेव्हा इन्स्पेक्टरचा मलाही राग आला होता. आता वाटतं, त्या सगळ्या साखळीत आपलं काम नेमकं करणारा तो एकटाच होता. रफिकभाईंनी पुन्हा टेस्ट दिली, फिल्म पहिल्यासारखीच स्वच्छ आली. ती येईपर्यंत ऑर्डर शॉर्ट-क्लोज झाली होती. झालेल्या मालाचे पैसे रखडत मिळाले, उरलेलं काम रद्द. रफिकभाई आखातात शटडाउनच्या (प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या) कामावर गेले ते परत भोसरीत आले नाहीत. हाताखाली तयार होणारी दोन पोरंही पांगली. शेडमध्ये आता आम्ही डेअरीच्या टाक्या करतो.

तुम्ही म्हणाल, एका छोट्या कारखान्याच्या नशिबावरून जगाचं भविष्य काय सांगतेस? बरोबर. मग जगाचं बघा.

फ्रान्सने १९७० आणि ८० च्या दशकांत भट्ट्या ओळीने उभ्या केल्या, एकीतून हात मोकळे झाले की दुसरीवर. मग काम आटलं. २००७ मध्ये फ्लामानव्हिलला नवी भट्टी सुरू केली. २०१२ ला वीज द्यायची, ती ग्रिडला लागली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्च ३.३ अब्ज युरोवरून १३ अब्जांच्या पुढे. मधे काय झालं? मुख्य वाफेच्या पाइपांचे वेल्ड अपेक्षित दर्जाचे निघाले नाहीत आणि ते पुन्हा करावे लागले. अणुशास्त्र फ्रेंचांना येत नव्हतं का? त्यांच्याच सरकारसाठी झालेल्या २०१९ च्या अहवालाने ज्या कारणांवर बोट ठेवलं, त्यात हरवलेलं कौशल्य ठळक होतं. अख्ख्या देशाचं रजिस्टर रिकामं.

अमेरिकेत जॉर्जियातल्या व्होगलच्या दोन भट्ट्या १४ अब्ज डॉलरच्या अंदाजावरून ३५ अब्जांच्या वर गेल्या. शेजारच्या साउथ कॅरोलायनात त्याच जातीच्या दोन भट्ट्या सुमारे ९ अब्ज खर्चून जुलै २०१७ मध्ये अर्धवट सोडल्या. डिझाइन पुरतं पक्कं व्हायच्या आत काम सुरू केलं, मग ड्रॉइंगं बदलत गेली. ते वाचताना मला आमचा "होल्ड"चा मेलच दिसत होता.

इथे दादा मला अडवतो, आणि त्याच्याकडे उत्तर आहे. तो म्हणतो, बराकाह बघ. अबुधाबीने २००९ मध्ये कोरियन कंपनीला एकदम चार भट्ट्या दिल्या, चारही एकाच जातीच्या. पहिली २०२० ला सुरू झाली, चौथी २०२४ ला. चीन २०२२ पासून दरवर्षी दहाच्या आसपास भट्ट्या मंजूर करतो आणि बांधतोही. म्हणजे होतं ना! होतं. मी कधी नाही म्हटलं? ओळीने ऑर्डर दिल्या की होतं. पहिलीवर चुकलेला माणूस तिसरीवर चुकत नाही, आणि त्याचं रजिस्टर कोरं राहत नाही.

पण मग आपलंच बघू. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७०० मेगावॉटच्या दहा स्वदेशी भट्ट्या एका झटक्यात मंजूर केल्या. मी स्वतः दादाला म्हटलं होतं, आता खरं. २०२५ संपलं, त्या दहापैकी एकीतूनही वीज आलेली नाही. त्यांच्याच आधीची, गुजरातेतल्या काक्रापारची तिसरी भट्टी २०१० मध्ये कॉंक्रीट पडून २०२३ मध्ये व्यावसायिकरीत्या चालू झाली. जैतापूरच्या सहा फ्रेंच भट्ट्यांबद्दल २०१० पासून करार, चर्चा, प्रस्ताव चालू आहेत; तिथे आंदोलनावर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात माणूस मेला, पण भट्टीचं कॉंक्रीट अजून पडलेलं नाही. याच काळात देशात सौरऊर्जेची क्षमता १०० गिगावॉट ओलांडून गेली. एक गिगावॉट अणूची वर्षाची वीज तेवढ्याच सौरपेक्षा तीन-चार पट असते, रात्रीही मिळते, हे मला माहीत आहे. तरी पॅनेलच्या स्टँडची ऑर्डर महिन्यात येते आणि पैसेही येतात, याला मी काय करू?

छोट्या भट्ट्यांचं विचाराल, तर ती कल्पना मला मनापासून आवडते. कारखान्यात बनवायच्या, ट्रकवर घालून न्यायच्या, म्हणजे आमच्यासारख्यांचंच काम. पण कारखाना उभा करायला आधी ऑर्डरचा गठ्ठा लागतो, आणि गठ्ठा यायला आधी स्वस्त भट्टी लागते. अमेरिकेत नुस्केल कंपनीचा छोट्या भट्ट्यांचा आयडाहोतला प्रकल्प विजेचा अंदाजित दर मेगावॉट-तासाला ५८ वरून ८९ डॉलर झाल्यावर २०२३ मध्ये गुंडाळला. कॅनडात डार्लिंग्टनला २०२५ मध्ये अशा चार छोट्या भट्ट्यांपैकी पहिलीला बांधकामाची परवानगी मिळाली. ती कशी जाते ते मी डोळ्यांत तेल घालून बघणार आहे.

दायित्वाचं कलम गेलं म्हणून मी आनंदाने उडी मारावी, अशी सगळ्यांची अपेक्षा दिसते. त्या कलमाने माझीही झोप उडवली होती, खोटं कशाला बोलू. पण भोपाळ पाहिलेल्या देशाने ते लिहिलं होतं. ते काढल्याचं मला हायसंही वाटलं आणि बरंही वाटलं नाही, दोन्ही एकाच दिवशी.

दादा म्हणतो, तू रफिकभाईंच्या दुखण्यावर धंदा तोलतेस, आणि सगळ्यांनी तुझ्यासारखाच विचार केला तर ऑर्डर येईल तेव्हा करायला कोणी उरणार नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म त्याने भरून ठेवलाय. पात्र वेल्डर किती, हा रकाना क्वालिटीवाल्याने, म्हणजे मी भरायचा आहे. मी त्याला सांगितलंय, आधी तीन वर्षांचं ऑर्डरचं वेळापत्रक लेखी आण, उशीर झाला तर नुकसान कोण देणार ते त्यात असू दे, मग मी माणसं शोधते. तो म्हणतो असलं कोणी लिहून देत नसतं. मी म्हणते, म्हणूनच.