खाचरातनं मिळालेलं वाकळेचं डिझाईन

दसऱ्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन चार दिवस जांबोटीजवळ मावशीकडं गेलते. नणंदेच्या बाळासाठी वाकळ शिवायची होती, म्हटलं तिकडची रानफुलं बघून काहीतरी नवीन डिझाईन काढू. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापर्यंत जाऊन आलो, वाटेत सोनकी, तेरडा, दिसेल त्याचे फोटो काढले. पण रात्री वहीत काढायला बसले तर सगळं बेडशीटवर छापतात तसलंच व्हायला लागलं, एकही मनाला येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीबरोबर बांधावर गेले. धुकं नुकतं उठलेलं, भात वरनं पिवळं आणि बुडाला अजून हिरवं. वरच्या अंगानं बघितलं तर एकही खाचर चौकोनी नाही, उतार वळेल तसा बांध वळलाय आणि बांधाकडच्या ओळी पण त्याच्यासारख्याच वळत वळत आत गेल्यात. मला तर तो चक्क धावदोराच दिसला!

मावशी म्हणाली, "मग मधनं कशाला धरतीस गे, कडंनं धर." खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजाच्या (मूळ आफ्रिकेतनं आलेल्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची चिंध्यांची वाकळ, अशीच शिवतात, कोपऱ्यातनं सुरू करून कडेकडेनं फिरत मध्यावर यायचं. चिंध्या आधी जोडून ठेवायच्या नाहीत, शिवत शिवत एकेक लावत जायचं. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीची फुलं असतात, ती नसली तर वाकळ उघडी वाटते म्हणतात.

वडगावला घरी आले आणि लगेच बसले. खाली सासूबाईंचं मऊ झालेलं नऊवारी, वर पिवळ्या-पोपटी सुती चिंध्या, बांधाला तांबूस पट्टी. पट्टी सरळ धाग्यात कापलेली त्यामुळं प्रत्येक वळणावर चुणी पडायला लागली, दोनदा उसवली, मग उरेब, म्हणजे तिरकी कापली तेव्हा कुठं बांधासारखी वळली. दुसरी गोष्ट म्हणजे कडंनं आत येताना खालचं कापड मध्ये गोळा होऊन फुगतं, म्हणून चार बोटं शिवलं की फरशीवर पसरून हातानं सारून घ्यायचं, कंटाळा केला तर शेवटी उसवावंच लागतं.

कोपऱ्यांच्या फुलांना सोनकीचा पिवळा घेतलाय, ते फोटो शेवटी इथं कामाला आले. मध्ये वीतभर जागा उरलीय. तिथं लावायला मावशी दिवाळीला येताना तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणणार आहे.