पाल्य

आमच्या घरात पाल्य नावाचं कोणी राहत नाही. एक मुलगी राहते, वय वर्षं तेरा. तिला आम्ही नावाने हाक मारतो, लाडात आलो की नावाचा अर्धा तुकडा पुरतो, आणि चिडलो की नाव आडनावासकट पूर्ण घेतलं जातं. पण ‘पाल्या, जेवायला चल’ असं कोणी कधी म्हटल्याचं ऐकिवात नाही. पाल्य राहतो तो फक्त शाळेच्या परिपत्रकात. आपल्या पाल्याने पूर्ण गणवेशात उपस्थित राहावे. आपल्या पाल्याच्या प्रगतीविषयी चर्चा करण्यासाठी. आपल्या पाल्यास सदर सूचना वाचून दाखवावी. ज्याला पाळायचं तो पाल्य, असा सरळ अर्थ आहे. घरी कोण कोणाला पाळतं हा प्रश्न शाळेने विचारलेला नाही, म्हणून मीही उत्तर देत नाही.

मुलगी माध्यमिक शाळेत गेली तेव्हापासून या पाल्याशी माझी ओळख वाढली. कारण त्याच सुमाराला मुलीशी असलेली थोडी कमी झाली.

प्राथमिकच्या वर्षांत बातम्या मागायला लागत नसत. एक बूट पायात, एक हातात, दप्तर अर्धं खांद्यावर अशा अवस्थेत त्या दारातच सुरू व्हायच्या. कोणाचा दात गणिताच्या तासाला पडला, तो कागदाच्या पुडीत घालून कसा सगळ्या बाकांवरून फिरला, बाईंचा आवाज बसला म्हणून त्यांनी दिवसभर फळ्यावर लिहूनच रागावणं कसं उरकलं. मूळ, फाटे, साक्षीपुराव्यांसह सगळं. मी कंटाळायचेसुद्धा. ‘बरं बरं, आधी हात धू’ असं म्हणायचे. हे आता आठवलं की वाटतं, इतक्या चांगल्या वार्ताहराला आपण काय वागवलं!

वार्ताहराने सातवीच्या आसपास राजीनामा दिला. लेखी नाही, पण दिला.

“आज काय झालं शाळेत?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“आई, नेहमीचंच.”

शेकडो मुलं, वीस-पंचवीस शिक्षक, सहा-सात तास, आणि या सगळ्याचा गोषवारा एका शब्दात. नेहमीचंच. तिचे बाबा म्हणतात, प्रश्न चुकीचा आहे, वेगळा विचारायला हवा. त्यांनी वेगळा विचारला, “आज सगळ्यात मजेशीर काय झालं?” तिने त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तेव्हापासून ते खाते माझ्याकडेच आहे.

मग उरतं शाळेचं वार्तापत्र. माझ्या लहानपणी घरी यायच्या त्या सायक्लोस्टाईल केलेल्या सूचना. शाई फिकट जांभळी नाहीतर काळपट, ‘ठ’ आणि ‘ढ’ ओळखायला अंदाज लागायचा, आणि खाली तुटक रेघांच्या पलीकडे ‘फाडून परत पाठवावे’ असा भाग. तो भाग नेहमी सूचनेतल्या मुख्य तारखेतून फाटायचा. आता वार्तापत्र फोनवर येतं, रंगीत, तरीही मुलीच्या दप्तराच्या तळाशी कागदी सूचना सापडतातच. दप्तराचा तळ हा स्वतंत्र भूस्तर आहे. वरच्या थरात या आठवड्यातलं, त्याखाली गेल्या महिन्यातलं, आणि अगदी खाली पेन्सिलीच्या सालपटांत एक घडीवर घडी घातलेला कागद: ‘पालकसभा. उपस्थिती अनिवार्य.’ सभा होऊन तीन आठवडे झालेले असतात.

“हे दिलं का नाहीस?”

“दिलं असतं तर तू गेली असतीस.”

वार्तापत्र मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते, असं करणाऱ्या फार थोड्या पालकांपैकी मी असेन. मुख्याध्यापकांचं मनोगत ‘बघता बघता’ने सुरू होतं. बघता बघता सत्र संपत आले. त्यानंतर स्पर्धा, ढाली, चषक, विभागीय पातळीवर निवड झालेले खेळाडू, विज्ञान प्रदर्शनात कायम एक ज्वालामुखी. फोटोत मुलं उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक केलेली. माझी मुलगी त्या फोटोंत नसते. असली तर एका खांद्यापुरती. जिथे फोटोची चौकट संपते तिथून साधारण ती सुरू होते. तिला बक्षिसं मिळत नाहीत असं नाही, पण बक्षीस मिळतं त्या दिवशी फोटो काढणाऱ्या सरांचा कॅमेरा दुरुस्तीला गेलेला असतो.

मी सगळ्यात आधी वाचते ते शेवटच्या पानावरचं ‘सापडलेल्या वस्तू’. पाण्याच्या बाटल्या ११, डब्याची झाकणं ६ (डबे नाहीत), एक पायमोजा, एक चष्मा, कंपासपेटीतलं फक्त कर्कटक, आणि एकदा ‘डाव्या पायाचा बूट’. बाकीच्या पानांवर शाळा जशी दिसायला हवी तशी दिसते. या यादीत ती जशी असते तशी. एका बुटाने घरी गेलेला तो मुलगा दारात काय म्हणाला असेल? ‘नेहमीचंच’ म्हणाला असेल.

या वर्षी वार्तापत्राच्या मथळ्यावर सोनेरी अक्षरं आली. शाळेला पन्नास वर्षं झाली होती. सुवर्णमहोत्सव. मग दर आठवड्याला काहीतरी: बोधचिन्हाची स्पर्धा, माजी विद्यार्थ्यांना आवाहन, स्मरणिकेसाठी लेख मागवणे, स्मरणिकेसाठी जाहिराती मागवणे, आणि ‘यथाशक्ती’ हा शब्द. यथाशक्ती म्हणजे किती हे पालकांच्या ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत चाललं. नंतर कोणीतरी ‘उद्या गणवेश पांढरा की खेळाचा?’ विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला.

महोत्सवांच्या या नावांची मला पूर्वीपासून गंमत वाटते. ज्युबिली या शब्दाचं मूळ हिब्रूतल्या ‘योवेल’मध्ये सांगतात. योवेल म्हणजे एडका, एडक्याचं शिंग. सात गुणिले सात अशी ४९ वर्षं मोजायची आणि ५०व्या वर्षी ते शिंग फुंकायचं. बायबलच्या जुन्या करारात त्या वर्षाचे नियम दिले आहेत: विकावी लागलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जायची आणि गुलामांना मोकळं करायचं. म्हणजे पन्नाशीचा मूळ उत्सव भाषणांचा नव्हता, परत करण्याचा होता. ही माहिती मी रात्रीच्या जेवणाला मोठ्या उत्साहाने सांगितली. मुलीने बऱ्याच दिवसांनी ताटातून मान वर केली.

“म्हणजे जप्त केलेल्या वस्तू परत मिळणार?”

शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात म्हणे दोन चेंडू, एक शिट्टी, पत्त्यांचा कॅट आणि तिची चकाकणारी पट्टी आहे. मी म्हटलं, शाळेला कळव. तिने कळवलं नसावं.

बाकीची नावं खाणीतून काढलेली. पंचविसाला चांदी, पन्नासला सोनं, साठीला हिरा. साठीचा हिरा प्रतिष्ठित झाला तो राणी व्हिक्टोरियामुळे, १८९७ साली तिच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली तेव्हा. २०२२ साली एलिझाबेथ राणीची ७० वर्षं झाली, तेव्हा प्लॅटिनम काढावं लागलं. मराठीत मात्र हिऱ्यानंतर खोदकाम बंद. पंच्याहत्तरीला एकदम अमृत. धातू, खडे आणि मग पेय! हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याला माणसाची पंच्याहत्तरी बघून सुचलं असणार, तेव्हा दागिन्यांपेक्षा घशाखाली सहज उतरेल ते बरं. आणि १२५ला ‘शतकोत्तर रौप्य’, म्हणजे शंभरी गाठून पुन्हा चांदीपासून सुरुवात. इंग्लंडमधल्या कॅन्टरबरीची किंग्ज स्कूल आपली सुरुवात ५९७ सालची सांगते, यॉर्कची सेंट पीटर्स ६२७ची. त्यांच्या मुख्याध्यापकांना महोत्सवाची नावं कुठून पुरत असतील कोण जाणे. इतक्या वर्षांत इमारती गेल्या, गुरुजींची भाषा बदलली, शिकवायचे विषय बदलले. तरी शाळा तीच असं म्हणायचं असेल तर तिच्यात टिकलं काय? मला वाटतं, बाराव्या-तेराव्या वर्षाचा एक जथा, जो दर वर्षी पुढे सरकतो आणि जागेवर तसाच नवा येतो. शाळा पन्नास वर्षांची झाली म्हणतात, पण तिच्या आत पन्नास वर्षांचं कोण आहे? थोडे शिक्षक आणि मैदानाच्या कडेची झाडं. वर्ग कायम तेरा वर्षांचे. दारात आलेल्या आईला ‘नेहमीचंच’ म्हणणारं मूल त्या पन्नासही वर्षांत असणार. शब्द वेगळा असेल.

महोत्सवाच्या कार्यक्रमात कालकुपीही होती. प्रत्येक वर्गाने काहीतरी लिहून एका पेटीत ठेवायचं, पेटी पुरायची, पंचवीस वर्षांनी उघडायची. कालकुपीचा खरा धोका गंजाचा नाही, विस्मरणाचा असतो. बॉस्टनमध्ये अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातले सॅम्युएल अॅडम्स आणि पॉल रिव्हिअर यांनी १७९५ साली एक पेटी स्टेट हाऊसच्या, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या इमारतीच्या, पायाशी ठेवली. ती १८५५ साली दुरुस्तीच्या कामात निघाली, भर घालून परत ठेवली गेली आणि २०१५ साली उघडली, तेव्हा आत नाणी आणि वर्तमानपत्रं होती. पुढच्यांसाठी काय ठेवावं याचा विचार करून माणसं शेवटी बातम्याच ठेवतात. अमेरिकेतल्याच ऑगलथॉर्प विद्यापीठाने १९४० साली एक खोलीच्या खोली बंद केली आहे, ती उघडायची ८११३ साली. पालकांनी वेळेवर उपस्थित राहावे, अशी सूचना अजून आलेली दिसत नाही.

“तू काय लिहिलंस पेटीत?”

“ते पंचवीस वर्षांनी कळेल.”

म्हणजे ती अडतीस वर्षांची होईल तेव्हा. मी मनातल्या मनात माझं वय काढलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

सोहळ्यात तिला काय काम आहे हे काढून घ्यायला चार दिवस लागले. नाच? नाही. समूहगान? नाही. स्वागत करणाऱ्या मुलींत? छे. शेवटी म्हणाली, “मी पडदा ओढते. तू आली नाहीस तरी चालेल.” तेरा वर्षांच्या मुलांच्या भाषेत ‘तरी चालेल’चे दोन अर्थ होतात आणि कोणता ते ओळखण्याची परीक्षा पालकांची असते. आम्ही दोघंही गेलो.

सोहळा जसा असतो तसा होता. ध्वनिक्षेपक आधी रुसला, मग शिट्टी वाजवून मनवला गेला. पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांच्या भाषणाहून लांब होता. पहिल्या तुकडीतले माजी विद्यार्थी पुढच्या रांगेत बसले होते, टक्कल, चष्मे, सोनेरी फिती लावलेले, आणि मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले तसे त्यातले दोघं कोपराने एकमेकांना ढोसून खुदखुदले. तेराच्या वयात ते कुठे बसत असतील हे सांगायला स्मरणिका लागत नव्हती. आमच्या पुढे सतरा रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेतून फोन वर उचललेले. मुलं नाचली ती मला बहुतेक इतर पालकांच्या पडद्यांवर दिसली, छोटी छोटी, हलणारी. प्रत्येक जण आपल्या मुलाला मोठं करून बघत होता. जो नाच मला दिसत होता तो एका अनोळखी मुलाच्या डाव्या कोपराचा होता.

मी मात्र खऱ्या पडद्याकडे बघत होते. तांबडा, मखमली, एका बाजूला ठिगळाचा. माझ्याइतक्या एकाग्रतेने त्या दिवशी पडद्याकडे दुसरं कोणी बघितलं नसेल. तो उघडला, मिटला, उघडला. कधी सावकाश, कधी झटक्यात. समूहगानानंतर मिटताना घाई झाली, कोपऱ्यातली लहान मुलगी पडद्याबाहेरच राहिली आणि परत आत शिरायला जागा शोधत बसली. सगळे हसले. मग पडद्याचं एक टोक आतून जरासं उचललं गेलं, अगदी त्या मुलीच्या उंचीइतकं. ती आत सटकली आणि टोक खाली पडलं. नाटिकेच्या आधी पडदा अर्ध्यावर अडकला. आतून काहीतरी खसखस, कुजबुज, कोणाचं तरी दबक्या आवाजात “थांब, थांब, आता”. तो आवाज मला ओळखू आला. तिचे बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “आपलीच ना?” मी मान हलवली. पडदा उघडला.

घरी येताना मी म्हटलं, “पडदा छान ओढलास.”

“आई, पडदा छान कसा ओढतात?”

“तू त्या लहान मुलीला आत घेतलंस.”

ती गप्प बसली. मग बाहेर बघत म्हणाली, “ती रडली असती. मागच्या वेळी रडली होती.” आणि रस्ताभर, मी एकही प्रश्न न विचारता, दोरी कशी निसटते, कोणाच्या मिशा कशाने चिकटवल्या होत्या, आत अंधारात सर कसे दोन खुर्च्यांना अडखळले आणि ‘कोणी बघितलं नाही ना?’ म्हणाले, हे सगळं सांगत राहिली. मूळ, फाटे, साक्षीपुराव्यांसह. दाराशी बूट काढता काढता संपलं.

पुढच्या आठवड्यात वार्तापत्र आलं. सुवर्णमहोत्सव विशेषांक. बघता बघता पन्नास वर्षे पूर्ण झाली. पाहुणे, दीपप्रज्वलन, समूहगान, नाटिकेतले सगळे कलाकार नावानिशी. समूहगानाच्या फोटोत उजव्या कडेला, जिथे चौकट संपते तिथे, दोरी धरलेला एक हात आहे, मनगटापर्यंत. मनगटावर माझ्याच जुन्या घड्याळाचा पट्टा आहे. शेवटच्या पानावर सापडलेल्या वस्तूंत खोट्या मिशा दोन, पैकी एक अर्धी.