सोनकी नव्हे, खुरासणी

सह्याद्रीचे फोटो काढायचे तर भर पावसात जा, असं सगळे सांगतात. जातात, भिजतात आणि पांढऱ्या धुक्याचे दोनशे फोटो घेऊन परततात. मला विचाराल तर पितृपक्ष उलटू द्यावा. मग बॅग भरावी.

तोवर पावसाने हवा धुऊन काढलेली असते आणि धूळ अजून उडायला लागलेली नसते. रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, सकाळी बसलं की अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि १,६४६ मीटरची कळसूबाई अशी स्वच्छ दिसते की हात लांबवला तर लागेल. खाली भंडारदऱ्याचं पाणी. दिवाळीनंतर हेच सगळं निळसर धुरकट होत जातं.

शरद ऋतू म्हटलं की कॅलेंडरवर परदेशातली लालभडक झाडं असतात. आपल्याकडे झाडं तेव्हा हिरवीगारच. पानगळ शिशिरातली, तिला अजून अवकाश असतो. आपल्याकडे पिकतं ते गवत. आधी टोकं तांबूस होतात, मग अख्खा उतार पिवळा पडतो, आणि कलत्या उन्हात त्यावरून वारा गेला की डोंगराच्या अंगावर काटा आल्यासारखं दिसतं. हा रंग कॅमेऱ्याला मात्र पटत नाही. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग जुळवणारी सोय) ऑटोवर असला की सकाळचा पिवळा उजेड त्याला चूक वाटते आणि तो इमानदारीने ती दुरुस्त करतो. घरी येऊन बघावं तर सोन्याचं पितळही नाही, सरळ राख! म्हणून मी ते बटण 'डेलाइट'वर ठेवतो आणि पुन्हा हात लावत नाही.

याच दिवसांत सोनकी फुलते. तिचा एक तरी फोटो असा हवा की पुढे पिवळा गालिचा, मागे कडा. एका वर्षी रतनवाडीच्या अलीकडे तो मिळाला. रस्त्याच्या कडेला पिवळंधमक, पार ओढ्यापर्यंत. मी पोटावर पालथा पडलो. पोलरायझर फिरवून आभाळ गडद करून घेतलं. नीट चौकट बसावी म्हणून सरकत सरकत आत गेलो, चांगला अर्धा तास. मान वर केली तर बांधावर एक आजी विळा घेऊन उभ्या.

"काय हरवलं का, दादा?"

"नाही आजी, सोनकीचे फोटो काढतोय."

"सोनकी? ती तिकडं डोंगराला. ही खुरासणी हाये. आमची."

मग मला बांध दिसला. झाडं कमरेला लागत होती, फुलं सोनकीच्या दुप्पट होती, हेही तेव्हाच दिसलं. अर्धा तास मी भिंगातून ज्याच्याकडे बघत होतो ते पीक होतं, आणि त्यातल्या चार-पाच हात पिकावर मी लोळलो होतो. माफी मागितली. आजींनी आडवी झालेली रोपं हाताने उचलून उभी केली, काही राहिली, काही पुन्हा पडली. रागावल्या नाहीत. घाण्यावर तेल काढतो, एवढं सांगितलं. आणि मग, "चटणी खात नाय का तुम्ही, कारळ्याची?"

खातो की! लहानपणापासून भाकरीबरोबर तीच. काळं बारीक कारळं डब्यात बघितलं होतं, पण ते कधी पिवळं फूल असेल, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

फोटो सुरेख आला आहे. आडवी रोपं चौकटीच्या बाहेर राहिली. फाइलचं नाव तेवढं बदललं. मोज्यांत घुसलेली गवताची कुसळं मात्र तीन धुण्यांनंतरही निघाली नाहीत. कॅमेऱ्याच्या बॅगेच्या अस्तरात तर त्या वर्षीची अजून आहेत, लेन्स काढताना बोटाला टोचतात.